जिनं किडनी दिली नाही

धाकट्या भावाला मी एक किडनी दिली तेव्हा मला चाळीस पुरी व्हायची होती. ऑपरेशन पुण्याला झालं. दोघंही बरे झालो आणि तीन-साडेतीन महिन्यांनी मी आमच्या गावच्या महिला दूध संस्थेत पुन्हा कामाला लागले. संस्थेची मी सचिव. सकाळ-संध्याकाळ बाया दूध घेऊन यायच्या, मी मोजून घ्यायचे, फॅट काढायचे. आमचं गाव आष्टी तालुक्यात, कडा या बाजारगावापासून जीपनं अर्ध्या तासावर.

पुण्याच्या हॉस्पिटलात किडनी बदललेल्या लोकांचं आणि त्यांच्या घरच्यांचं एक मंडळ होतं. शेवटच्या तपासणीला गेले तेव्हा त्यातल्या एक बाई मला म्हणाल्या, "तुमच्या भागातले बरेच लोक नगरला डायलिसिसला जातात. आम्ही तिथं जाऊन बोललो की ते नुसती मान हलवतात. तुम्ही त्यांच्याशी बोलाल का?"

मी हो म्हणाले. मला बोलायला आवडतं. हळूहळू लोक ताई म्हणून ओळखायला लागले, कुणाच्या घरी किडनीचं दुखणं निघालं की निरोप यायला लागला. कागदपत्रं कोणती लागतात, कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, डायलिसिसच्या माणसानं पाणी किती प्यावं, असं सगळं मी सांगायचे. मेल्यानंतर अवयव देता येतात, त्याचे अर्जही जवळ ठेवायचे. पण माझं खरं बोलणं जिवंतपणी किडनी देण्यावर. त्यात माझं एक ठरलेलं वाक्य होतं. "माझ्याकडं बघा. एका किडनीवर दिवसभर काम करते. काही होत नाही."

त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा पाऊस झाला नव्हता. उन्हाळ्यात आमच्या गावाबाहेर जनावरांची छावणी पडली. आसपासच्या चार-पाच गावांतली माणसं गुरं घेऊन तिथंच राहायला आली. सकाळी चारा आणि टँकरचं पाणी वाटून झालं की दुपारभर कुणाला काही काम नसायचं. एवढी माणसं एका जागी बसलेली पुन्हा कधी मिळणार, म्हणून मी तिथं जायला लागले. म्हातारी माणसं मजेत ऐकायची. "डोळे दिले तर पुढच्या जल्मी आंधळा निपजीन की," असं एकानं म्हटलं, तर दुसरा म्हणाला, "ह्या जल्मी कुठं तुला दिसतंय?" सगळे हसले, मीही हसले, आणि त्या दुसऱ्यानं अर्ज मागून घेतला.

असंच एकदा माझं बोलणं चाललेलं असताना मागं बसलेली एक बाई उठली. तिशीची असेल. तिची एक गाय छावणीत होती. तिचा नवरा आठवड्यातून दोनदा नगरला डायलिसिसला जायचा, हे मला माहीत होतं. त्याला मी एक-दोनदा भेटलेही होते. लग्न झाल्यापासून दोघं जोडीनं ऊस तोडायला जायचे. तो तोडायचा, ती मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत वाहायची.

ती म्हणाली, "ताई, एक इचारू का? तुमी ऊस तोडता का?"

मी म्हणाले, "नाही."

"मंग काही व्हत न्हाई, हे तुमाला कसं ठावं?"

ती भांडत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. पण चारचौघांत विचारल्यामुळं मला राग आला. मी काहीतरी उत्तर दिलं, डॉक्टर सांगतात म्हणून सांगते, असं काहीतरी. ती "बरं" म्हणून खाली बसली. मी बोलणं आटोपतं घेतलं आणि घरी आले. संध्याकाळी दूध घेताना माझं लक्ष नव्हतं. खुर्चीवर बसून, डोक्यावर पंखा लावून मी एका किडनीवर दिवसभर काम करत होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

पुढच्या डायलिसिसच्या दिवशी मी तिच्या नवऱ्याबरोबर नगरला गेले. तो आत मशीनवर असताना डॉक्टरांना भेटले आणि तिचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्यांनी आधी नेहमीचं सांगितलं, की देणारा माणूस सगळी कामं करू शकतो. मग मलाच विचारायला लागले. मोळी किती वजनाची असते? दिवसात किती तास? प्यायचं पाणी कुठलं?

मी म्हणाले, "पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत. पाणी विहिरीचं नाहीतर कॅनॉलचं. पण बाया पितच नाहीत फारसं. उसाच्या फडात आडोसा कुठं असतो? लघवीला जायला लागू नये म्हणून तहान मारतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "हे मला आजवर कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले. "हे बघा, सुरुवातीचे काही महिने तिला वजन उचलता येणार नाही. तो हंगाम गेलाच समजा. पुढं जन्मभर पाणी भरपूर प्यायला हवं, दर वर्षी तपासणी हवी. तहान मारून उन्हात ओझी वाहणाऱ्या बाईला मी काही होत नाही असं सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका."

मी विचारलं, "आणि तिला द्यायचीच नसेल तर?"

"मग नाही द्यायची. आम्ही देणाऱ्याशी एकटं बोलतो ते त्याचसाठी. ती नको म्हणाली तर घरच्यांना एवढंच सांगतो की ह्यांची किडनी चालणार नाही. कारण सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. तो बाजेवर पडलेला, त्याची म्हातारी आई उंबऱ्यात बसून बाजरी निवडत होती. बायकोनं चहा ठेवला. तिला एकटीला बाहेर बोलवावं असं मला वाटलं, पण ती म्हणाली, "इथंच सांगा. इथं कोन परकं हाय?"

मी डॉक्टर जे बोलले ते सांगितलं, काही न गाळता. सगळं ऐकून तिनं तोंडाला पदर लावला. रडू आवरल्यावर म्हणाली, "मला वाटलं, तुमी समजूत घालाया आलात."

नवरा बाजेवरून म्हणाला, "म्या हिला कधी दे म्हनलो न्हाई, ताई."

"म्हनला न्हाईत," ती म्हणाली, "पर बघत तर व्हता."

ती माझ्याकडं वळून बोलायला लागली. "दोन लेकरं हायेत. हे असे पडलेले. उद्या मी बी पडले तर कोन बघंल? आन खरं सांगू का, मला भ्याव वाटतंय. पोटाला चिरा लावायचं नुसतं मनात आलं तरी हातपाय गार पडत्यात. सगळ्या बाया म्हनत्यात, नवऱ्यासाठी एवढं बी व्हईना का. तुमी तर भावाला दिली."

मी तिला म्हणाले, "मला भीती वाटली नाही म्हणून मी दिली. तुला वाटते, तर नको देऊ. एवढं कारण पुष्कळ आहे." हे वाक्य मी त्याआधी कुणालाही म्हटलेलं नव्हतं.

उंबऱ्यातून म्हातारीनं विचारलं, "मपली चालती का?"

मपली म्हणजे माझी, पण आम्हाला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलते. मुलगा म्हणाला, "माय, तू गप बस."

"कावून गप बसू? मला कुठं आता मोळ्या उचलायच्यात? शेरडामागं जायचं आन भाकरी थापायच्या. त्याला दोन किडन्या कशाला लागत्यात?"

सून घाबरून म्हणाली, "आत्या, असं काही बी बोलू नका." आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. म्हातारी सुपातले खडे वेचत राहिली आणि म्हणाली, "ताईला इचारलंय मी. ताईला बोलू द्या."

मी सांगितलं की वयामुळं अवघड आहे, पण तपासल्याशिवाय कुणी नाही म्हणत नाही. तिचं वय कुणालाच नक्की माहीत नव्हतं. साठीच्या आसपास धरलं.

तपासण्या पावसाळाभर चालल्या, पाऊस मात्र नावापुरता आला. आधी नगर, मग पुणे. कड्याहून एस.टी. पकडायची, पदरात भाकरी बांधलेली. रक्तगट जुळला. साखर नाही, रक्तदाब तर माझ्यापेक्षा बरा. वयाच्या धास्तीनं प्रत्येक तपासणीत मी मनातून वाट बघायचे की आता हिला नको म्हणतील. ती मात्र प्रत्येक डॉक्टरला एकच विचारायची, "झालं का? शेरडं शेजारणीवर टाकून आले."

पुण्याला किडनी द्यायची परवानगी देणाऱ्या समितीसमोर तिला एकटीला आत घेतलं. आत काय झालं ते तिनंच बाहेर आल्यावर सांगितलं. त्यांनी विचारलं, तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली का? ती म्हणाली, "जबरदस्ती करायला घरात हाय कोन? एक आजारी, एक भित्री." त्यांनी विचारलं, तुम्हाला काही झालं तर? ती म्हणाली, "लेकाच्या आधी गेले तर चांगलंच की."

ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं आणि नेमक्या त्याच दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. सून लेकरांना माहेरी ठेवून भावाच्या टोळीबरोबर गेली. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. ती अर्धा कोयता म्हणून गेली. जाताना सासूच्या पाया पडली, तर म्हातारी म्हणाली, "रडू नको. मी दवाखान्यात पलंगावर पडून खाणार हाय. तूच उसात उन्हातान्हात मरणार."

हॉस्पिटलात दोघांजवळ मी राहिले. संस्थेचं काम तेवढे दिवस आमच्या अध्यक्षबाईंनी सांभाळलं. ऑपरेशनच्या दिवशी सून फडातून दर तासाला मुकादमाच्या फोनवरून फोन करत होती. दुपारी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, किडनी लागलीच काम करायला लागली, लघवी आली. मी तिला फोनवर तेवढंच सांगितलं. पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. त्या आवाजातच तिनं विचारलं, "आन आत्या?"

"शुद्धीवर आल्या. चहा मागतायत."

गावात मात्र बोलणं झालंच. दूध घालायला आलेल्या एकीनं माझ्यासमोर म्हटलं, "म्हातारीनं चिरून घेतलं आन ही तरणीताठी उसाला पळाली." मी हातातलं माप खाली ठेवलं आणि म्हणाले, "ती गेली म्हणून त्या घरात चूल पेटतेय. तिला किडनी द्यायची नव्हती, तिनं दिली नाही. ह्यावर माझ्या डेअरीत कुणी बोलायचं नाही." ती बाई चार दिवस माझ्याशी बोलली नाही, दूध मात्र आणत राहिली.

तिचा नवरा घरी आला आणि खरी अडचण पाण्याची निघाली. डायलिसिसवर असताना त्याला दिवसाला लोटाभर पाणी पुरायचं. आता डॉक्टरांनी तीन लिटर सांगितलं, तेही स्वच्छ, कारण नव्या किडनीच्या औषधांनी अंगातली ताकद कमी होते आणि साधा जंतूही बाधतो. आमच्याकडं टँकर चार दिवसांनी यायचा आणि त्या पाण्याला शेवाळाचा वास यायचा. संस्थेत भांडी धुवायला पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं. मी सभासद बायांच्या बैठकीत विषय काढला, की रोज एक कळशी त्या घरी द्यावी. दुष्काळात कळशीभर पाणी म्हणजे काय, हे मी बोलायची गरज नव्हती. जिनं मागं ते बोल लावले होते तीच आधी बोलली. "लई बोलत बसू नका. आमच्या गल्लीतलं हाय, मीच नेऊन देत जाईन." आणि उन्हाळा संपेपर्यंत तिनं एक दिवस चुकवला नाही.

त्याची किडनी अजून नीट आहे. ऊस सुटला. तो आता संस्थेत दूध मोजायला माझ्या मदतीला असतो. बायको आणखी दोन हंगाम फडावर गेली, मग गायी वाढवल्या आणि जाणं बंद केलं. म्हातारी ऑपरेशननंतर सात वर्षं जगली आणि झोपेत गेली. तिचे डोळे आम्ही दिले. अर्ज तिनं कधीच भरून ठेवला होता, अंगठा लावून.

मंडळाचं काम मी अजून करते. मागच्या वर्षी टोळ्या निघायच्या आधी ऊसतोड बायांचा मेळावा होता, तिथं मला बोलायला बोलावलं. मी म्हातारीच्या सुनेला बरोबर येतेस का विचारलं. ती बोलणार नाही असं मी गृहीत धरलं होतं. माझं झाल्यावर ती आपणहून उठली आणि म्हणाली, "मी दिली न्हाई. माझ्या सासूनं दिली. तुमाला कुनी इचारलं तर पहिलं समदं नीट इचारून घ्या. द्यावी वाटली तर द्या, न्हाई वाटली तर देऊ नका."

मंडळातून आलेल्या पुण्याच्या बाई जरा चुळबुळल्या. पण खाली उतरल्यावर पाच-सहा बायांनी घोळका केला तो तिच्याभोवती. एकीच्या बहिणीला डायलिसिस चालू होतं. तिला विचारायचं होतं, तपासणीला जाताना उपाशी जायचं का जेवून. म्हातारीची सून तिला बाजूला घेऊन बसली आणि सांगायला लागली.