मावशीची भेट

यजमानांची नोकरी नैरोबीत, त्यामुळे यवतमाळला माहेरी येणं व्हायचं ते तीन-चार वर्षांतून एकदा. आल्यावर महिनाभर कौतुक, मग मी नुसती लुडबुड करते असं आईचं मत पडायचं. नवं महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी आले, तेव्हा तिनं मला सरळ अनाथाश्रमात पिटाळलं. पोरींच्या वेण्या घाल, तेवढंच पुण्य, म्हणाली. पुण्य कसलं डोंबलाचं! उवा मात्र भरपूर मिळाल्या.

तिथं महागावकडच्या तांड्यावरची एक बंजारा पोर होती, सात-आठ वर्षांची. आईबाप पटकीत गेलेले. ती कुणाशी बोलायची नाही. वेणी घालून घ्यायची आणि उठून जायची. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू?

एक दिवस तिची मावशी आली. आरशांची चोळी, घागरा, दंडापर्यंत बांगड्या. आत येताच पोरीच्या गळ्यात पडून ती मोठ्यानं, सूर लावून रडायला लागली. पोरही तशीच रडायला लागली. त्या मुक्या पोरीला एवढा आवाज होता! ते पाहून बाकीच्या पोरांनीही भोकाड पसरलं. व्यवस्थापक धावत आले. ही बाई पोरीला बिथरवते, असं त्यांनी ठरवून टाकलं. मी पोरीला न्यायला आले, असं ती सांगत राहिली. शेवटी त्यांनी तिला पुढच्या महिन्यात यायला सांगितलं. पण पुन्हा रडारड केली तर पोर मिळायची नाही, असं बजावून बाहेर काढलं.

घरी सांगितलं तर वडील हसले. कचेरीच्या कामानं ते सगळे तालुके फिरलेले. म्हणाले, अगं, ते बिथरवणं नव्हे, ती भेट. आपलं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं की बंजाऱ्यांच्या बायका अशाच गळ्यात पडून रडतात, मधे कोण गेलं, काय सोसलं ते रडण्यातच सांगतात. दुसऱ्या दिवशी मी हे व्यवस्थापकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "आपण परदेशात राहता बाई, आपल्याला असल्या गोष्टींचं कौतुक वाटणारच." माझं डोकंच फिरलं. पण आश्रम त्यांचा. चालवणार कोण, तेच.

पोर मात्र त्या दिवसापासून बोलायला लागली. वेणी घालताना तोंड थांबेना. मावशीच्या बकऱ्या, मावशीचा कुत्रा. मावशी येईन अन् मले नेईन, हे तर रोजचंच.

मावशी आली त्या दिवशी मला पोचायला उशीर झाला. सगळं उरकलं होतं. व्यवस्थापक खुशीत सांगत होते, की या खेपेला बाई कशी शहाण्यासारखी वागली. तोंडात पदराचा बोळा धरून उभी राहिली, हूं की चूं केलं नाही. पण पोरीला दोनदा विचारलं, मावशीबरोबर जातेस का, तर तिनं दोन्ही वेळा नाही म्हणून मान हलवली. मुलीचीच इच्छा नाही, त्याला आपण काय करणार?

पोर भिंतीशी बसली होती. मी विचारलं, "काहून नाही म्हटलंस गं?"

"तिले मी नोको," ती म्हणाली. "पाहून राह्यली नुसती. रडलीच नाई."

मी तशीच मोटारस्टँडकडे धावले. आर्णीवरून महागावला जाणारी गाडी केव्हाच गेली होती. माघारी येऊन व्यवस्थापकांच्या विनवण्या केल्या, तांड्यावर निरोप तरी पाठवा म्हटलं. पोर पुन्हा बिथरेल, म्हणाले. आठवड्यानं माझी बोट होती.

मग पोरीजवळ बसून तिला समजावलं, की मावशीला तू हवी आहेस गं, तिला इथं रडू नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून ती रडली नाही.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलते आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"नोको म्हटल्यानं रडू थांबते का बाई?" ती म्हणाली.