गोपिकाबाईच्या सेलांवर उडालेलं विमान

उडदाचं पीठ कुटून झालं होतं. निम्मे पापड लाटून गच्चीवरच्या खाटेवर टाकले होते, निम्म्या लाट्या खाली ओल्या फडक्याखाली होत्या. पहिले पापड उलटायला मी तेलकट हातांनीच वर गेले. पाहते तो खाटेच्या कडेला, माझ्या पापडांना खेटून, सहा जाडजूड सेल उन्हात वाळत घातलेले. त्यांच्या टोकांना पांढरी पपडी धरली होती आणि वाऱ्यानं तिचा भुगा उडून पापडांवर पसरला होता. मी बोट लावून पाहिलं. बोट साबणासारखं बुळबुळीत झालं आणि चुरचुरायला लागलं.

"भाऊजी!" मी जिन्यातून ओरडले. "माह्या पापडावर हे काय आणून ठेवलं?"

"पापडावर नाही ठेवलं वहिनी, पापडाच्या बाजूले ठेवलं!" खालून उत्तर आलं. "निंबूच्या पाण्यानं धुतले ना ते, सुकले पाह्यजेत. अन् चाखून नका पाहू, पापडखारासारखं दिसते पण पापडखार नाही ते."

चाखून! सगळे पापड मी गोळा केले. गाईपुढे टाकायचीही सोय नव्हती. कचऱ्याच्या डब्यात टाकताना माझे डोळे भरून आले. ते रागानं की त्या भुग्यानं, ते माझं मलाच कळलं नाही.

कवडू माझा धाकटा दीर. हिंगण्याच्या एका कारखान्यात वायरमन आहे. सकाळी कंपनीच्या बसनं जातो, संध्याकाळी येतो, आमच्याकडेच जेवतो आणि बाहेरच्या खोलीत झोपतो. लग्न दोनदा जमलं, दोनदा मोडलं. त्या खोलीत खाट एकच आहे, बाकी सगळीकडे वस्तीतल्या लोकांचे पंखे, रेडिओ, इस्त्र्या आणि टेपरेकॉर्डर पोट फाडून पडलेले असतात. डाव्या तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा, त्याच हातानं वितळलेलं शिसं पुसायचं आणि त्याच हातानं माठात गडवा बुडवायचा. किती वेळा सांगितलं. आता त्याचा माठच मी वेगळा केला आहे.

वस्तीत मात्र त्याचं नाव फार. कोणाकडून पैसा घेत नाही, म्हणून जो तो आपली बिघडलेली वस्तू विश्वासानं आणून देतो. त्याची काम करायची रीत मला पुष्कळ वर्षांनी कळली. नवा सुटा भाग तो कधीच विकत आणत नाही. एकाच्या पंख्यातलं काढून दुसऱ्याच्या पंख्यात घालतो. ज्याचा पंखा फिरला तो आयुष्यभर गुण गातो, ज्याचा अडला त्याला सांगायचं की पार्ट मुंबईहून येऊन राहिला. मग तिसरा कोणी पंखा आणून टाकतो आणि दुसऱ्याचंही भागतं. कोणीतरी एक जण कायम अंधारात किंवा घामात बसलेला असतो, आणि तो कोण असावा हे कवडू ठरवतो. तोंडावर भोळेपणा असा, की विचारणाऱ्यालाच ओशाळं वाटावं.

गेल्या साली बदली होऊन जाताना कारखान्यातल्या एका साहेबानं त्याला आपल्या मुलाचं जुनं विमान दिलं. परदेशातून आणलेलं, शिकाऊ पोरांसाठीचं, पंख थर्माकोलचे, नाकात विजेची मोटर. हातातल्या डब्याची लांब काडी उघडायची, दांड्या हलवायच्या, की वर विमान वळायचं. पण त्याचे बारके सेल थकलेले होते. मागच्या मैदानावर ते कडुनिंबाइतकं चढायचं आणि आजारी बगळ्यासारखं खाली बसायचं. वस्तीतले लोक हसायचे. कवडूला हसणं सहन होत नाही. विहाराच्या कमिटीपुढे तो बोलून बसला, "या बुद्ध पौर्णिमेले मी विमानातून फुलं टाकतो. मूर्तीवर अन् तुमच्या सगळ्यांच्या डोक्यावर."

कमिटीचे अध्यक्ष वामनराव म्हणाले, "कवडू, आधी त्याले उडू तर दे गा. फुलं आम्ही हातानं टाकू."

त्या दिवसापासून घरात सेल, सेल आणि सेल. जुने सेल काढून दमदार सेल बसवायचे, तर वजन वाढतं. मग विमान दोन बोटांवर तोलून पाहायचं, नाक खाली गेलं की सेल मागे सरकवायचे, शेपूट खाली गेली की पुढे. ते तोलणं माझ्या चुलीजवळ चालायचं, कारण तिथं वारा लागत नाही म्हणे. पण असे दमदार सेल आले कुठून, हे मी विचारलं नव्हतं. कारखान्यातल्या भंगारातले असतील असं समजून चालले होते.

पापड फेकून, ते सहा सेल सुपात घालून मी जिना उतरत होते. ते त्याच्या खोलीत नेऊन आपटायचे, असं ठरवलं होतं. तेवढ्यात खाली गोपिकाबाईचा आवाज आला. गोपिकाबाई आमच्या वस्तीची दाई. रेल्वे लाइनीपलीकडच्या झोपड्यांपर्यंत तिचं बोलावणं असतं. तिकडे रस्त्यावर दिवे नाहीत, नाल्याच्या काठानं जावं लागतं. एका घरी अडलेली बाई हिनं सोडवली, तेव्हा तिच्या जहाजावरच्या भावानं हिला विजेवर चार्ज होणारा मोठा दिवा आणून दिला होता. महिन्याभरापूर्वी तो लागेना, म्हणून तिनं कवडूकडे आणून टाकला.

"माहा दिवा झाला का गा, कवडूभाऊ?"

"सेल मेले त्याचे, गोपिकाबाई. तसे सेल इकडं भेटत नाही. मुंबईहून मागवले."

"बरं गा. कंदिलानं भागवून राहिली. पण परवा वारा होता, तीनदा इझला. नाल्यात पाय गेला माहा."

"सांभाळून जात जा ना मग," कवडू म्हणाला. काळजीच्या स्वरात म्हणाला!

मी खाली पोचेपर्यंत ती वळणापलीकडे गेली होती. टेबलावर तिचा दिवा उघडा पडला होता. त्याच्या पोटात सहा खाचा, सहाही रिकाम्या. माझ्या सुपात सहा सेल.

"मेले म्हणता ना? मग हे इमान कशावर उडवून राहिले?"

तो जरासुद्धा ओशाळला नाही. "वायर तुटली होती वहिनी त्याची, बस. सेल एकदम ताजे. सायबाच्या जुन्या सेलाच्या चौपट दम आहे. उद्या फुलं पडले की वापस टाकून देतो. तिले समजनारबी नाही."

"अन् ह्याले पांढरं काहून आलं मग?"

"जरा जास्त चार्ज झाले. पुसलं की झालं."

"अन् आज रात्री तिले कोणाचं बोलावणं आलं तर?"

"कंदील आहे ना. अन् मी कोणासाठी करून राहिलो वं? बुद्धाच्याच कामाले लावले ना?"

हे ऐकलं आणि मला त्या खोलीत उभं राहवेना. खर्ऱ्याचा, जळक्या वायरीचा आणि त्या सेलांचा वास नाकात बसला होता. मी म्हटलं, "बुद्धाचं नाव नका घेऊ. उद्या फुलं पडल्याबरोबर हे सेल दिव्यात गेले पाह्यजेत. नाही गेले तर मी स्वतः जाऊन तिले सांगते."

"मंजूर," तो म्हणाला आणि सूप घेऊन गेला. पापडांबद्दल एक शब्द नाही.

आमच्या यांना सांगितलं. आनंदराव म्हणाले, "पौर्णिमा होऊ दे. वस्तीची इज्जत आहे." मग त्या रात्रीपुरती आपली टॉर्च तरी गोपिकाबाईला द्यावी म्हणून मी शोधायला गेले, तर तिचा बल्ब आणि स्प्रिंग काढून टाकलेले. हेही कवडूचंच.

पौर्णिमेला संध्याकाळी ऊन कललं तसं मैदान पांढऱ्या लुगड्यांनी भरून गेलं. खिरीचं पातेलं मांडवात होतं. लाउडस्पीकर कवडूनंच लावलेला, म्हणून माईक त्याच्याच हातात. महिला मंडळातर्फे त्रिशरण-पंचशील मी सांगते, लोक मागून म्हणतात. दुसरं शील आलं, कोणी न दिलेली वस्तू घेणार नाही, हे. आणि कवडूनं माईक स्वतःच्या तोंडाजवळ नेला. साऱ्या मैदानात त्याचाच आवाज, स्पष्ट, भारदस्त. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तेही त्यानं तसंच म्हटलं. मी डोळे मिटले होते, तरी तो दिसत होता.

मग विमान उडालं. उडालं म्हणजे काय, सुसाटत वर गेलं. कडुनिंब सोडला, विहाराचा झेंडा सोडला, मोठा फेरा घेऊन मूर्तीवर आलं. पोटाखालच्या पिशवीचा दोरा सुटला आणि झेंडूच्या, मोगऱ्याच्या पाकळ्या खाली आल्या. काही मूर्तीवर, काही लोकांवर, काही खिरीत.

"टोपी सांभाळा काका!" कवडू ओरडला. वामनराव सगळ्यात मोठ्यानं हसले आणि त्यांनी जाऊन त्याच्या गळ्यात हार घातला.

माझ्या शेजारी गोपिकाबाई उभी होती. केसात पाकळ्या, डोळ्यांत पाणी, हात जोडलेले. "सोन्यासारखे हात आहेत गा तुहे, कवडूभाऊ!" ती म्हणाली. मी माझ्या खांद्यावरची पाकळी झटकली. ते विमान पडलं असतं, मोडलं असतं, तर मला त्याची थोडी तरी कीव आली असती.

पोरं ओरडली, "अजून एक! अजून एक!" मी हातानं खूण केली, पुरे. त्यानं पाहिलं आणि तोंड फिरवलं. अजून एक फेरा, मग अजून एक. मोटरचा आवाज चिरका झाला, जळका वास आला, आणि विमान हळूहळू घसरत गवतात टेकलं. लोक खिरीकडे वळले. मी त्याच्यामागे गेले. त्यानं पोटाचं झाकण उघडलं. सेलांची हिरवी वेष्टनं आक्रसून फाटली होती, टोकांतून फेस येत होता, थर्माकोल वितळून त्यांना चिकटलं होतं. मीटरची काडी लावून त्यानं एकेक तपासला.

"आता?" मी विचारलं.

"आता काय, मेले." तो सरळ झाला आणि हसला. खरंच सुटल्यासारखा हसला. "पाह्यलं वहिनी? मी तिले काल काय सांगतलं होतं? सेल मेले म्हणून. झालं ना खरं?"

गळ्यातल्या हारालाच त्यानं हात पुसले. मग खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढली. "तिले काही बोलू नका वं. सणाचा दिवस आहे. तिसऱ्या कोणाचा दिवा आला की करतो काही."

मी ते सहाही सेल ओढून काढून कागदात घेतले. घरी आले, त्याच्या टेबलावरून दिवा उचलला, झाकण लावलं आणि पिशवीत घातला. सेल बाहेर कागदात गुंडाळून ठेवले आहेत, तेही नेते. खीर खाऊन तो आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, लोक काय म्हणतील?" लोकांचं ते लोक पाहतील.

आता गोपिकाबाईच्या घरी जाते आहे, तिचा रिकामा दिवा तिला परत करायला.