व्यसनाचा रकाना

महिला दिनाला अमरावतीच्या एका सभागृहात कर्करोगावर जागृतीचा कार्यक्रम होता. सत्कारच पाऊण तास चालले. ज्यांनी शाली आणल्या होत्या त्यांनाही शाली मिळाल्या. उरलेल्या दहा मिनिटांत डॉक्टरांनी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने तोंडाचं काय होतं ते सांगितलं. दारूवर आले तेव्हा म्हणाले, "भगिनींनो, आपापल्या मिस्टरांना यापासून दूर ठेवा." टाळ्या पडल्या.

मी आणि ती तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मिस्टर दोघींनाही नव्हते. आम्हीच एकमेकींना होतो, बारा वर्षं. घरमालकासाठी 'रूम पार्टनर'.

"चला, साऱ्यायचे मिस्टर सुधरले," ती माझ्या कानात म्हणाली.

मग तपासणी झाली. टेबलामागची सिस्टर फॉर्म भरत होती. व्यसनाच्या रकान्यात तिने पेन न थांबवता 'नाही' लिहिलं, माझ्याही आणि तिच्याही. "तुमाले काय विचाराचं मॅडम, शाळेत शिकवता तुमी." मानानेच लिहिलं होतं तिने. आमच्याकडे मास्तरणीला दारूचं विचारणं म्हणजे तोंडावर शिवी देणं. मला तर हायसंच वाटलं.

कारण दर शनिवारी दुपारच्या गाडीने आम्ही दोघी अकोल्याला जायचो. तिथे एका फ्लॅटमध्ये आमच्यासारख्याच तिघी असायच्या. खिडक्या लावून घ्यायच्या, पंखा मोठा करायचा, मिक्सरच्या खोक्यातून बाटली काढायची. आठवडाभर 'अजून कसं जमलं नाही तुमचं' ऐकून आलेल्या बायका त्या. दुसऱ्या पेगनंतर एकीचा हात दुसरीच्या हातात निवांत राहायचा. आम्हाला जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून ती दारू आम्हाला कधी दारू वाटलीच नाही. व्यसन पुरुषांना असतं, लिव्हर त्यांचं खराब होतं, हे आम्हीही त्या डॉक्टरांइतक्याच श्रद्धेने मानत होतो.

शिबिरात काही निघालं नव्हतं. दोन वर्षांनी आंघोळ करताना तिच्या हाताला छातीत गाठ लागली.

दवाखान्यातल्या काउंटरवरच्या बाईंनी न विचारताच दोन गोष्टी लिहिल्या. व्यसन, नाही. सोबत कोण, बहीण. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तरुण डॉक्टरीणबाई तो कागद घेऊन आल्या. "दारू वगैरे काही नाही ना?"

ती चादरीची किनार दुमडत राहिली.

"ते खोडा," मी म्हणाले. "घेते ती. दर शनिवारी, कितीतरी वर्षं. मीही घेते."

बाई दचकल्या नाहीत. दचकल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, भूल देणाऱ्यांना हे कळायलाच हवं. दारूने स्तनाच्या कर्करोगाचाही धोका वाढतो, थोडी घेतली तरी. ही गाठ दारूनेच आली असं मात्र कोणी सांगू शकणार नाही. "तुम्हाला कधी कोणी सांगितलं नव्हतं का हे?"

"सांगतलं होतं न," ती म्हणाली. "मिस्टरले."

बाईंनी 'नाही' खोडून 'हो' लिहिलं. मग संमतीचा कागद माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही बहीण ना?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, हो म्हण म्हणून. एका दिवसाला एवढंच खरं पुरे होतं तिला. मी बहीण म्हणून सही केली.

बाहेरच्या बाकावरून अकोल्याला फोन लावला आणि डॉक्टरीणबाई बोलल्या ते सगळं सांगितलं. तिकडच्या मैत्रिणीने सगळं ऐकून घेतलं.

"मंग आता शनिवारी कराचं काय आपण?"

"चहा करू."

"चहा पिऊन कोण कोणाचा हात धरते वं?"

मी म्हटलं, धरून पाहू. तिने हं म्हटलं आणि फोन ठेवला.