डिकीतला स्टार्टर

आधी माझ्या अकलेचा एक नमुना सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला कळेल की हा माणूस गोष्टी रचण्याइतका हुशार नाही.

आमच्या जुन्या काळ्या मोटारीचा स्टार्टर रुसला होता. खटका ओढला की कधी फिरायचा, कधी नुसता ‘टक्’ करायचा. ऑफिसातल्या एकाने सांगितलं — बॉनेट उघडा, स्टार्टरवर हातोडीने हळूच दोन ठोके द्या, चालतो. मी आठ दिवस रोज सकाळी ठोके दिले. नवव्या दिवशी गॅरेजवाला दौलत मिस्त्री आला, माझी ठोकाठोकी शांतपणे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, त्या डायनामोनं काय बिघडवलं तुमचं? काहून मारून राहिले त्याले?”

तर असा मी. भूतखेत, करणी, नजर — यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. पण आणीबाणी उठल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, कुहीजवळच्या माझ्या सासुरवाडीला, भर दुपारी जे झालं त्याचं काय करायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दौलत मिस्त्रीचं टिनाचं गॅरेज नागपुरात आमच्या नंदनवनातच होतं. त्याने आधी हेडलाइट लावायला सांगितले आणि खटका ओढायला लावला. दिवे मंद झाले नाहीत. म्हणजे बॅटरी चांगली, पण स्टार्टर करंटच घेत नव्हता. त्याने तो काढून उघडला. आतलं तांब्याचं वाइंडिंग काळं ठिक्कर, जळका वास.

“हे मेलं,” तो म्हणाला. “रिवायंडिंग केलं तर पावसाळ्यापर्यंत चालंल. जुन्या बाजारातला घेतला तर त्याची जन्मकुंडली मले माहीत नाही. माहं ऐकसान तर नवा घ्या. परवा येईल.”

नवा सांगितला. दौलतची एक पद्धत होती — काढलेला पार्ट तो मालकालाच परत द्यायचा, म्हणजे ‘मिस्त्रीनं माझा माल विकला’ असं कोणी म्हणू नये. त्याने मेलेला स्टार्टर पोत्यात गुंडाळून, सुतळीने बांधून डिकीत ठेवला. स्टार्टर काढल्यावर उघडं राहिलेलं इंजिनाजवळचं भोक पत्र्याने झाकलं. सुट्या जाड वायरच्या टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळली.

दुसऱ्याच दिवशी सासुरवाडीकडचं लग्न. बायको म्हणाली, “एस.टी.नं जाऊ.” मी म्हणालो, गाडी असताना जावई एस.टी.नं गेला तर कसं दिसेल. दौलतने हात जोडले. “जा बा. पण उतारावर उभी करा. ब्रेक सोडला का गाडी आपोआप घरंगळते, मंग दुसऱ्या गेअरात टाकून क्लच सोडा. धक्का माराले माणूस नाही लागत.”

मी अगदी तसंच केलं. आदल्या संध्याकाळीच सासुरवाडीला पोचलो. तिथे घराशेजारीच तलावाची पाळ आहे. पाळीच्या उतारावर गाडी लावली, चाकांना विटा लावल्या. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश होतो की सासऱ्यांना — मामाजींना — ही भानगड सांगितलीच नाही. जावयाच्या गाडीला स्टार्टर नाही, हे कोण सांगतं?

लग्न शेजारच्या गावी होतं. सकाळी दहाच्या आत सगळं गाव ट्रकने आणि बैलबंड्यांनी तिकडे गेलं. आमची सहा वर्षांची शालू झोपली होती. “तुम्ही या मांगून,” मामाजी म्हणाले, “तुमच्यापाशी काय, मोटार आहे.”

शालू उठली, न्हाऊन तयार होईपर्यंत बारा वाजत आले. तिने ओसरीवर ठेवलेल्या चपलेत पाय घातला आणि ती किंचाळली. लाल विंचू. बोटभर.

विदर्भात राहणाऱ्याला लाल विंचू आणि लहान लेकरू म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पाच मिनिटांत तिला दरदरून घाम फुटला. हातपाय बर्फासारखे. मग उलट्या. सुमन — माझी बायको — तिला पोटाशी धरून एवढंच म्हणाली, “नागपूर.”

मी पाळीकडे पळालो. गाडी नव्हती.

विटा होत्या, नीट एकावर एक रचलेल्या. गाडी गोठ्यामागच्या आंब्याखाली सापडली. जावयाची गाडी उन्हात कशी ठेवायची, म्हणून मामाजींनी जाण्याआधी आठदहा माणसं लावून ती सावलीत ढकलत नेली होती. बॉनेटवर ओलं पोतं टाकलं होतं, बैलाच्या पाठीवर टाकतात तसं. चाकं तणसात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, अर्धी वीत रुतलेली. जमीन सपाट, तळहातासारखी. आणि धक्का मारायला गावात माणूस नाही.

समोरून हाताने फिरवायचं हँडल? ते होतं ना. नंदनवनात, आमच्या कूलरच्या स्टँडखाली टेकू म्हणून.

सुमनने शालूला मागच्या सीटवर निजवलं आणि गाडीला खांदा लावला. मी एका हाताने स्टिअरिंग धरून दाराशी जोर लावला. गाडी सूतभर हलली नाही. शालूचे डोळे अर्धे मिटले होते. श्वास असा वाजत होता की... असो. ते नको.

सुमन ढकलणं सोडून मागे जाऊन बसली, पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. “काही करा,” ती म्हणाली. “पण करा.”

मी काय केलं? काहीच नाही. करण्यासारखं काही नव्हतंच. ड्रायव्हरच्या जागेवर बसलो, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने हाताने किल्ली फिरवली, खटका ओढला.

खर्र... खर्र... खर्रर्र — आणि इंजिन लागलं.

मी विचार केला नाही. पहिला गेअर टाकला, तणसातून गाडी उसळून निघाली, आणि पंचवीसेक मैल मी कसे कापले ते मला आठवत नाही. वाटेत केव्हातरी एवढं मनात आलं की दौलतनं एखादा जुना स्टार्टर तात्पुरता बसवला असेल आणि सांगायचा विसरला असेल. देव त्याचं भलं करो.

दवाखान्यात इंजेक्शन, सलाईन, तीन तास. मग डॉक्टर म्हणाले, “आणखी अर्धा तास लागला असता तर सांगता आलं नसतं. आता घाबरू नका.”

मी बाहेर आलो. गाडी दारातच आडवी होती, चौकीदार ओरडत होता. मी बसून खटका ओढला. काही नाही. ‘टक्’सुद्धा नाही. पुन्हा ओढला. काही नाही.

रिक्षाने तसाच दौलतकडे गेलो. आभारही मानायचे होते, आणि थोडी तक्रारही. म्हटलं, “तू बसवलेला स्टार्टर एकदाच चालला.”

“मी कुठं बसवला?” तो म्हणाला.

तो माझ्याबरोबर आला. बॉनेट उघडलं. भोकावर त्याचाच पत्रा, त्याचेच स्क्रू. वायरच्या टोकाला ट्यूब जशीच्या तशी. त्याने डिकी उघडली. पोतं तिथेच होतं, सुतळीला त्याचीच गाठ. गाठ सोडून त्याने स्टार्टर काढला आणि दोन वायरी लावून थेट बॅटरीवर धरला. ठिणगी नाही, हालचाल नाही. आतून तोच जळका वास.

“मेला आहे ना गा,” तो हळूच म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला साहेबाऐवजी ‘गा’ म्हटलं. “तुम्हाले धक्का मारला असंल कोणी. आठवत नसंल.”

मी नाही म्हणून मान हलवली आणि दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसलो.

पुढे मी चार शहाण्या माणसांना विचारलं. एक इंजिनियर म्हणाला, जमिनीला उतार असणार. मी पुन्हा सासुरवाडीला जाऊन त्या आंब्याखाली लिंबू ठेवून पाहिलं. लिंबू जागचं हललं नाही. मामाजी विचारत होते, जावईबुवा हे काय करून राहिले? दुसरा म्हणाला, घाबरलेल्या माणसाला भास होतात. कबूल. पण भासाने गाडी नागपूरला येत नाही. शालू आता कॉलेजात जाते, एवढंच एक उत्तर माझ्याकडे आहे.

सुमनला मी त्या दिवशी काही सांगितलं नाही. शालूला घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी सांगितलं — पत्रा, ट्यूब, सुतळीची गाठ, सगळं. ती तांदूळ निवडत होती. ती दचकली नाही. सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली,

“मी तेच विचारणार होती तुम्हाले. तुम्ही खटका ओढला तवा आवाज समोरून नाही आला. माह्या पाठीमांगून आला. डिकीतून. सीट अशी थरथरून राहिली होती, का मी शालूले दोन्ही हातांनी धरून ठेवलं.”