शेवटचं पान देणार नाही

शरद ऋतू म्हटलं की चांदणं न् निरभ्र आकाश लिहिणाऱ्यांनी एकदा नागपुरात ऑक्टोबर काढून बघावा. हौसेने कूलर झाकून ठेवावा आणि दुसऱ्याच दिवशी निमूट उघडावा, असा आमचा शरद. मनीषनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तर कागदावर रंगाचा एक हात फिरवून ब्रश बुडवेपर्यंत पहिला हात वाळलेला असतो. आणि नेमके हेच माझे सुगीचे दिवस, कारण दिवाळी अंकांची चित्रं याच काळात काढायची असतात.

आता आमच्या धंद्यातली गंमत सांगते. संपादक कथेसोबत एक निरोप धाडतात, ‘बाई एकटी आहे, सूर गंभीर ठेवा.’ घाई असली की चित्रकार कथा वाचत बसत नाही, त्या निरोपावरच चित्र उरकतो. माझ्याकडे खिडकीत बसलेली एक बाई कायम तयार असते. बिचारीने कितीतरी कथा तारून नेल्या आहेत!

यंदा मात्र सासरे, म्हणजे आमचे मामाजी, आडवे आले. मामाजी मूळचे नरखेडकडच्या खेड्यातले, नागपुरात कारकुनी करून रिटायर झालेले आणि वाचनाचे पक्के व्यसनी. दिवाळीत आधी अंक, मग चिवडा. त्यांचा एक डोळा लहानपणीच गोफणीच्या दगडाने गेला होता. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू वर्षानुवर्षं वाढत वाढत यंदा इतका पिकला, की त्यांना अक्षर तर सोडाच, समोरचं माणूसही आवाजावरून ओळखावं लागे. ऑपरेशनचा विषय काढला की म्हणायचे, “दिवाळीनंतर पाहू.” कोणत्या दिवाळीनंतर, ते काही सांगायचे नाहीत.

एकदा मी फारच मागे लागले तेव्हा चिडले. “एकच हाय वं माह्याजवळ! तोही बिघडला तं? मंग काय करू, सांग!”

नवऱ्याने तर विषय काढणंच सोडून दिलं होतं.

पण अंकांतल्या कथा छापायच्या आधी आपल्या घरात येतात, हे मामाजींना पक्कं ठाऊक. दुपारचं जेवण झालं की ते माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ओढायचे. “हं, वाच वं.” मग काय, मला पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचणं आलं. वाचून झालं की चौकशी सुरू.

“याले चित्र काय काढशीन?”

“खिडकीत बसलेली बाई.”

“कोणती खिडकी? ते बाई टिनाच्या शेडमंधी राह्यते, तुनंच आत्ता वाचलं ना! खिडकी कुठून आणली?”

झालं! माझी हुकमी बाई उठून घरी गेली. तिच्या जागी शेडच्या दारात उकिडवी बसून भांडी घासणारी बाई आली, आणि चित्र बघून संपादकांचा खास फोन आला. मामाजी दिवसभर मिशीत हसत होते. खरं सांगते, कामात इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. माझं वाचन वाढलं, चित्रं सुधारली, भांडणं तर रोजचीच.

शेवटची कथा रुसून घर सोडणाऱ्या एका म्हाताऱ्याची होती. एसटी शेवटच्या गावी थांबते, सगळे उतरतात, कंडक्टर म्हणतो, “आजोबा, उतरा.” तिथवर मी वाचलं आणि काय मनात आलं कोण जाणे, शेवटचं पान उलटं करून ठेवलं.

“पुढं?” मामाजी म्हणाले.

“पुढचं तुम्ही वाचायचं. आपल्या डोळ्याने.”

“काहून पोरखेळ लावून राहिली वं? वाच!”

मी काही बधले नाही. त्या दिवसांत खाली बिल्डिंगमधल्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणायच्या आणि खिरापतीचा डबा नुसता वाजवून दाखवायच्या, ओळखल्याशिवाय उघडायच्या नाहीत. मीही तेच केलं. मामाजी अंदाज करत बसले. उतरला? पोराकडे गेला? मेला? मी नुसती “अं हं” म्हणायची. जेवताना त्यांनी माझ्याशी अबोला धरला. मग माझ्या नवऱ्याला गळ घातली, पण ते पान माझ्या पर्समध्ये होतं आणि लेक म्हणाला, “बाबा, मला तुमच्या भांडणात पाडू नका.”

शेवटी एका सकाळी मी शाईने रेघा ओढत असताना ते दारात येऊन उभे राहिले. “लाव तुह्या डॉक्टरले फोन.”

फोन लावताना मीच दोनदा नंबर चुकले. तोवर सगळी थट्टा होती. आता त्यांचा एकुलता एक डोळा ऑपरेशनच्या टेबलावर जाणार होता, तोही माझ्या हट्टापायी. बरंवाईट झालं असतं तर कुणी मला बोललं नसतं, पण मी स्वतःला माफ केलं नसतं. ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मी बाहेर बाकावर बसून आठवतील त्या सगळ्या देवांना हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. मामाजींनी डोळा किलकिला केला, मिटला, पुन्हा उघडला. मग त्यांनी हात पुढे केला.

“पान दे.”

मी ते पाटीवरच्या अक्षरांएवढ्या टायपात छापून नेलं होतं. डॉक्टरांनी हसून मान डोलावली. मामाजींनी कागद लांब धरला आणि एकेक शब्द लावत वाचलं. म्हातारा उतरतच नाही. परतीचं तिकीट काढतो आणि चहाच्या वेळेला त्याच एसटीने घरी येतो.

“इतकंच?” मामाजी कडाडले. “याच्यासाठी डोळा कापून घेतला मी? त्या लेखकाले काही समजते का नाही?”

डॉक्टर हसले, नर्स हसली, आणि सुटलो बाई एकदाचे म्हणत सगळ्यांत जास्त मी हसले. मला झापायला मामाजी माझ्याकडे वळले आणि बोलता बोलता थांबले. बघतच राहिले.

“तुहे केस कधी पिकले वं?”

“झाली की वर्षं, मामाजी.”

“मले कोणी सांगितलं नाही.” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “मले तं तू अजून लग्नातल्यासारखीच वाटून राहिली होती.”

इतके दिवस आवरून धरलेलं रडं मग मला आवरेना. डॉक्टरांसमोरच ढसाढसा रडले. मामाजी ओशाळले, कागदाची घडी घालत बसले.

“रडू नको. अन् घरी जाऊन काळे करू नको बरं ते,” ते म्हणाले. “राहू दे तसेच. मले पाहू दे जरा.”