सतरा नंबरची खुर्ची

कॉलेजच्या ऑफिसात टायपिंग करणाऱ्या बाईजवळ किस्से कमी नसतात. तिच्यासमोर सगळे बिनधास्त बोलतात ना! कॉम्प्युटरमागं बसलेली बाई कोणाले दिसतच नाही. रायपूर राजधानी झालं, तेलीबांध्याच्या पुढं नवीन कॉलेजं निघाली, तेव्हा मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात लागली. कॉन्ट्रॅक्टवर. दर वर्षी जून आला की कॉन्ट्रॅक्ट वाढते का नाही, हीच चिंता! हसण्यासारखे किस्से बहुत आहेत, ते केव्हाही सांगीन. पण आमच्या चौकशी समितीचा किस्सा सांगताना मले आजही हसता येत नाही.

* * *

समितीचं काम म्हणजे पोरींच्या छेडछाडीच्या तक्रारी पाहायच्या. अध्यक्ष मॅडम होत्या, शिस्तीचं पाहणारे सर होते, आणि कोपऱ्यात लिहून घ्यायले मी. सगळे मले दीदी म्हणत. पहिल्याच दिवशी मॅडमनं बजावलं, “एक अक्षर बाहर नहीं जाना चाहिए। सब गोपनीय!”

आमचा चपराशी सुखराम आधी कोर्टात होता. तो व्हरांड्यात उभा राहिला आणि त्यानं छाती भरून आवाज दिला, “छेड़छाड़ वाला केस, हाज़िर होऽऽ!”

बाप्पा! तीन मजल्यांवरचे पोट्टे कठड्यावरून वाकले. तक्रार करणारी पोरगी ओढणीनं तोंड झाकून जिन्यातून वर येत होती, ती तिथूनच मागं फिरली. मी धावत जाऊन तिचा हात धरला. समजावून तिले वर आणलं.

मॅडम सुखरामले खूप बोलल्या. पुढच्या वेळेस त्यानं आवाज कमी केला. वर्गावर्गात जाऊन हळूच विचारलं, “गोपनीय वाली लड़की कौन है?”

* * *

त्या पोरीचं नाव मी सांगणार नाही. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाले आली होती, वर्गात कोणाले ओळखत नव्हती. तिनं लिहिलं होतं, गुरुवारच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सतरा नंबरच्या खुर्चीवर बसणारा मुलगा अंगाले हात लावतो, उठली तर वाट अडवतो. दोन पानं लिहिलेली, आणि अक्षर सगळं वाकडं झालेलं.

आमच्या लॅबमध्ये रोल नंबरप्रमाणं बसवतात. सर म्हणाले, “दीदी, नाम निकालो. आधे घंटे में नोटिस चाहिए!”

मी धावत गेली. लॅबच्या दारावर यादी चिकटवलेली होती. सतराव्या ओळीत टिकेश होता. नाव उतरवलं, नोटीस टाइप केली, पोट्टा त्याच दिवशी सस्पेंड! सर खूश झाले. “क्या स्पीड है दीदी आपकी!” मलेही बरं वाटलं, खोटं काहून बोलू?

* * *

पोरीले त्याचं तोंड पाहावं लागू नये म्हणून मॅडमनं मधात पडदा लावायचं ठरवलं. विचार चांगलाच होता. पण पडदा आणायचा कुठून? सुखरामनं गॅदरिंगचा काढून आणला, त्याच्यावर डोंगर आणि नारळाची झाडं रंगवलेली. एक दोरी कपाटाच्या कडीले, दुसरी माझ्या खुर्चीमागच्या खिडकीच्या गजाले. गाठ मारायचं काम माझं.

पोरीले एकच विचारलं, “जो लिखा है, सच है?” ती हळूच “हाँ” म्हणाली.

डोंगराच्या इकडच्या बाजूले टिकेश बसला होता. गुढियारीचा पोरगा, बाप मालधक्क्यावर हमाल, घरातला कॉलेजात आलेला हा पहिलाच.

“सर, मैंने किया क्या है?”

“तुमको सब पता है!”

“कौन से दिन की बात है, सर?”

“गोपनीय है!”

“किसने...”

“गोपनीय!”

तक्रारीचा कागदही त्याले दाखवला नाही. त्या दिवशीच्या माझ्या पानावर ‘गोपनीय’ हा शब्द नऊ वेळा आला. घरी येऊन मी तो किस्सा रंगवून सांगितला आणि आम्ही सगळे हसलो. आता आठवलं की लाज वाटते.

* * *

दोन हप्त्यांनी पोरीची चिठ्ठी आली. ‘मैडम, वो अभी भी आता है। मेरे बाजू में ही बैठता है। मुझे बहुत डर लगता है।’

सर असे भडकले! सस्पेंड असून येतो? एवढी हिंमत? टिकेशचा फोटो गेटवर चौकीदाराच्या खोलीत लागला, चोरासारखा.

दुसऱ्या दिवशी त्याचा बाप आला, इस्त्रीचा शर्ट घालून. हात जोडून म्हणाला, “साहब, लड़का तो घर में पड़ा है। खटिया से नहीं उठता, खाना नहीं खाता।”

“सब बाप यही बोलते हैं!” सर म्हणाले. आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “दीदी, निष्कासन का ऑर्डर टाइप करके रखो। गुरुवार को आख़िरी सुनवाई है, बस साइन करना है।”

सुनवाई व्हायची होती, आणि कॉलेजातून काढून टाकायची ऑर्डर आधीच तयार!

* * *

ऑर्डर टाइप करायले तक्रार पुन्हा वाचली आणि ‘गुरुवार’ या शब्दावर माझी बोटं थांबली. लॅबकडं गेली. दाराच्या बाहेरून एक यादी होती, वर लिहिलेलं, ‘ए सेक्शन, मंगळवार’. दार लोटून आतून पाहिलं. आतल्या बाजूले दुसरी यादी! ‘बी सेक्शन, गुरुवार’. सतरावं नाव वेगळंच होतं. आणि त्याच्या खाली, अठरावं, त्या पोरीचं.

माय वो! पोट्टा माझ्यामुळं घरी पडला होता, आणि पोरगी दर गुरुवारी त्या खऱ्या सतरा नंबरच्याच बाजूले बसत होती.

सरांकडं गेली. “सर, वो लिस्ट में ज़रा...”

“दीदी, आपका काम टाइप करना है।” त्यांनी मान वर केली नाही. “कॉन्ट्रैक्ट कब तक का है आपका?”

घरी यजमानांना सांगितलं. ते रेल्वेत, साधे माणूस. म्हणाले, “तू काहून मधात पडून राहिली? नोकरी गेली तर पोरांची फी कोण भरीन?” दुसऱ्या दिवशी मी ऑर्डर टाइप करून ठेवली. मी घाबरली होती, दुसरं काही कारण नाही.

* * *

गुरुवार उजाडला. मी पडदा बांधला. कपाटाकडं एक गाठ, माझ्याकडं दोन.

टिकेशले गेटवरून चौकीदारानं दंडाले धरून आणलं. केवढा वाळला होता! बाप बाहेर बाकावर बसला. सुखराम पोरीले लॅबमधून घेऊन आला आणि ती डोंगरापलीकडं जाऊन बसली. टेबलावर ऑर्डर होती, मॅडमनं पेनाचं टोपण काढलं.

“कुछ कहना है?” सरांनी विचारलं.

टिकेश म्हणाला, “सर, एक बार बता दो कौन सा दिन था। बस उतना।”

“गोपनीय है!”

मॅडमचा पेन कागदावर टेकला, आणि पडदा धाडकन खाली आला. डोंगर, नारळ, सगळं!

“दीदी!” मॅडम ओरडल्या. “गाँठ ठीक से नहीं बाँधी थी?”

“बाँधी थी मैडम,” मी म्हटलं. “दो बाँधी थीं।”

माझे दोन्ही हात मागं, खिडकीच्या गजावर होते. कोणी पाहिले नाहीत.

पोरगी भिंतीले चिकटून उभी राहिली होती. तोंडावरची ओढणी घट्ट धरून तिनं टिकेशकडं पाहिलं. मग मॅडमकडं पाहिलं. पुन्हा टिकेशकडं.

“मैडम, ये कौन है?”

“सत्रह नंबर!” सर ओरडले.

“सत्रह नंबर तो लैब में बैठा है, सर,” ती म्हणाली. “मैं अभी उसी के बाजू से उठके आई हूँ।”