वरून ओतलेलं पाणी

बाबांनी ख्रिस्ती धर्म घेतला आणि दुसऱ्याच दिवशी गावाची विहीर आम्हाला बंद झाली. पुढे सव्वा वर्ष आई मला घेऊन विहिरीपासून दहा पावलांवर घागर ठेवून उभी राहायची. एखादीला दया आली, तर ती आमच्या घागरीला आपला पोहरा लागू नये म्हणून हात उंच धरून पाणी ओतायची. अर्धं घागरीत, अर्धं आईच्या लुगड्यावर. शेवटी बाबांनी आमच्या शेतात, अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्या गाडीरस्त्याला लागून, स्वतः विहीर खणली. पाणी लागलं त्या दिवशी आईनं पोहऱ्यावर पोहरे उपसले आणि नुसतेच ओतून दिले. हौस तिची!

ते कापसाचे दिवस होते. सातासमुद्रापार कुठे लढाई चालली होती म्हणे आणि त्यापायी आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. रस्त्यावरची गाड्यांची रांग सरत नसे. त्या वैशाखात गाडीवाल्यांच्या मुक्कामाच्या जागेची विहीर आटली आणि ते आमच्या बांधाशी थांबू लागले. बैलांना आमचं पाणी पाजत, स्वतः मात्र पीत नसत. बैल बाटत नाही.

एक दिवस एक म्हातारा गाडीवान उन्हानं भोवळ येऊन आमच्या लिंबाखाली पडला. बाबा तांब्या घेऊन धावले, तर त्यानं मान फिरवली. "मेलो तरी चालन, पन बाटलेलं पानी मले नको."

मला त्याचा असा संताप आला! बाबांनी मात्र आमचा दोर आणि पोहरा विहिरीवरून काढून घेतला आणि बाकीच्या गाडीवाल्यांना म्हणाले, "तुमचा दोर लावा. शुद्ध करायचं ते करून घ्या. पाऊस येयपर्यंत आमी इहिरीले हात लावत नाही." त्यांनी घाईघाईनं विहिरीत गोमूत्र शिंपडलं, तेही आमच्याच गाईचं. आमच्या गोठ्यात राहूनही ती बाटली नव्हती! ती हलू नये म्हणून बाबांनीच तिला धरून ठेवलं होतं. म्हातारा पाणी प्यायला आणि थोड्या वेळानं उठून बसला.

आईचा तिळपापड झाला. "प्रभूनं शेजाऱ्यावर प्रेम करा सांगतलं. त्याले इहीर देऊन टाका, असं कुठी सांगतलं?"

"तहानेल्याले दुसरं काय देऊ मी?" बाबा म्हणाले.

त्यावर तिनं त्यांच्याशी बोलणंच टाकलं. आता आम्ही आमच्याच विहिरीपासून दहा पावलांवर घागर ठेवून उभ्या राहायचो. गाडीवाले ओतायचे, वरूनच. आई ओलीचिंब होऊन घरी यायची आणि मुद्दाम बाबांच्या समोर पदर पिळायची. बाबा खाली मान घालून भाकर खात. मला बाबांचं पटायचं आणि आईचंही पटायचं.

पंधरा-वीस दिवसांनी तो म्हातारा अमरावतीला कापूस टाकून रिकामी गाडी घेऊन परतला. आम्ही उन्हात उभ्या होतो. त्यानं आम्हाला ओळखलं.

"माय, इहीर तुमची, अन् तुमीच काहून उभ्या?"

"तुमच्यापायीच उभी," आई फणकारली.

म्हातारा पोहरा भरून आमच्याजवळ आला, वाकला आणि आमच्या घागरीच्या काठावर पोहरा टेकवून सावकाश पाणी ओतलं. "अरे बुढ्या, पोहरा बाटला!" मागून कुणी ओरडलं. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. परत जाऊन तोच पोहरा विहिरीत सोडला, वर ओढला आणि त्याच पाण्यानं ओंजळ भरभरून प्यायला. बाकीचे कुरकुरत पुन्हा आमची गाय शोधायला निघाले. त्या म्हाताऱ्यावरचा माझा सगळा राग तिथेच गेला.

घरी आल्यावर आईनं डोक्यावरची घागर उतरवली. बाबा दारातच बसले होते. तिनं कोरडा पदर त्यांच्यापुढे धरला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"आज थेंबभरही सांडलं नाही."